एक चूल, दोन अग्नी : उतारवयातील दांपत्य आणि आहारभेद

रुग्णाची परीक्षा कशी करावी हे सांगताना चरकाचार्यांनी प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशी दहा अंगे सांगितली आहेत. आपण सर्वजण पदवीच्या अभ्यासक्रमात ही दशविध परीक्षा शिकलो आणि यथाशक्ती तिचा वापरही करतो. तथापि या दहांपैकी सात्म्य आणि आहारशक्ती ही दोन अंगे रुग्णाच्या एकट्याच्या शरीरात पुरी होत नाहीत, हे व्यवसायाच्या धकाधकीत आपल्या नजरेआड होते. विवाहित मनुष्य काय खातो, केव्हा खातो, किती मीठ खातो आणि जेवणानंतर काय करतो, यातील निम्म्याहून अधिक गोष्टी त्याचा जोडीदार ठरवीत असतो. पथ्याचा कागद आपण एकाच्या हाती देतो, पण तो अमलात येतो दोघांच्या स्वयंपाकघरात.

तरुणपणी हा प्रश्न फारसा जाणवत नाही. दोघांचाही अग्नी बलवान असतो, शेतीची वा मजुरीची कष्टाची कामे असतात आणि एकाच्या सवयी दुसऱ्याला पचून जातात. पन्नाशीनंतर मात्र चित्र बदलते. एकाला प्रमेह जडतो, दुसऱ्याला संधिवात. एकाला मीठ वर्ज्य, दुसऱ्याला बलवर्धनाची गरज. चूल एकच राहते आणि तिच्याभोवती बसणारे अग्नी दोन होतात. गोंडपिपरी व परिसरात व्यवसाय करीत असताना वृद्ध दांपत्यांच्या बाबतीत जे अनुभवास आले, त्याचा शास्त्राच्या आधारे विचार करावा व तो व्यवसायबंधूंपुढे आणि औषधालयाच्या चालकांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

शास्त्राची दृष्टी

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचे हिताहित ठरविणारी आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पती-पत्नींच्या संदर्भात या आठांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. द्रव्याची प्रकृती, करण म्हणजे संस्कार, संयोग आणि देश ही चार आयतने दोघांसाठी बहुधा एकच असतात. तांदूळ एक, फोडणी एक, गाव एक. राशी, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही चार मात्र दोघांची निराळी असतात. किती वाढून घेतले, केव्हा खाल्ले, कोणत्या नियमाने खाल्ले आणि खाणारा कोण, येथे वाटा फुटतात. म्हणूनच एका हंडीतले अन्न एकाला पथ्य आणि दुसऱ्याला अपथ्य होऊ शकते. पथ्याचा विचार करताना आपण बहुधा पहिल्या चारांवर भर देतो, म्हणजे ‘हे खाऊ नका, ते खा’ असे सांगतो. दांपत्याच्या बाबतीत उरलेल्या चारांवर भर दिल्यास घरातील चूल न मोडता पुष्कळ साध्य होते.

उपयोक्त्याच्या संदर्भातच ओकसात्म्याचा विचार येतो. दीर्घ सवयीने जे अंगवळणी पडले ते ओकसात्म्य. विवाहाच्या वेळी दोन कुळांची दोन सात्म्ये एका घरात येतात. आमच्या भागात वैनगंगेच्या काठची, भातावर वाढलेली मुलगी वणी-वरोऱ्याकडील ज्वारीच्या भाकरीच्या घरात जाते किंवा उलटही घडते. तीस-चाळीस वर्षांत घराचा एक सामाईक आहार तयार होतो, पण प्रकृती सामाईक होत नाही. ती जन्माची असते.

वयाच्या बाबतीत चरकाने साठ वर्षांपर्यंत मध्यम वय व त्यापुढे जीर्ण वय मानले असून मध्यम वयात पित्ताचे आणि जीर्ण वयात वाताचे प्राधान्य सांगितले आहे. आमच्याकडील जुन्या पिढीत नवरा-बायकोच्या वयात पुष्कळदा सात-आठ वर्षांचे अंतर असते. पती सत्तरीत असतो तेव्हा पत्नी साठीच्या उंबरठ्यावर असते. सुश्रुताचार्यांनी रजोनिवृत्तीचे वय पन्नास मानले आहे. त्या काळात स्त्रीच्या शरीरात निराळीच उलथापालथ चालू असते आणि पती मात्र अजून मध्यम वयाच्या जोमात असतो. सारांश, एका छपराखाली दोन वये, दोन प्रकृती आणि दोन अग्नी नांदत असतात.

आमच्या भागातील ताटे

गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मध्ये वसला आहे. पलीकडे आष्टीपासून गडचिरोली जिल्हा सुरू होतो आणि दक्षिणेस तेलंगणा. आहाराचा मुख्य आधार धान. त्याच्या जोडीला तुरीचे वा लाखोळीचे वरण, जवसाची चटणी, अंबाडी, पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, बांबूचे वास्ते, रानातल्या सात्या, उन्हाळ्यात मोहफुले आणि चारोळी. आठवडी बाजारातील सुकी मासळी आणि लाल मिरची घरोघर असते. हा आहार मुळात वाईट नाही. कष्टाचे शरीर, ऋतूप्रमाणे बदलणारी रानभाजी आणि हातसडीचा जुना तांदूळ यांचा मेळ होता, तोवर तो पचतही होता. आता शिधापत्रिकेवरचा गिरणीचा पांढरा तांदूळ बारा महिने ताटात असतो, रानभाज्या कमी झाल्या आहेत आणि कष्टही उतरले आहेत. भाताची राशी मात्र जुनीच राहिली आहे.

याच ताटाकडे पती व पत्नी निरनिराळ्या वाटांनी येतात. पुरुष आधी जेवतो, स्त्री सर्वांच्या शेवटी. भाजी व वरण पहिल्या पंगतीत संपते आणि तिच्या वाट्याला भात, मीठ, चटणी किंवा शिळे उरते. आठवड्यातील उपवास बहुतांशी स्त्रियाच करतात. पुरुष दिवसभरात चौकात तीन-चार वेळा साखरेचा चहा घेतो, तो त्याच्या आहारात कोणी मोजत नाही. धान पोटरीवर आले की रानडुकरांपासून राखण करण्यासाठी पुरुष रात्री जागलीला जातो. त्याचे जेवण व झोप दोन्ही उलटसुलट होतात. उलटपक्षी मिरची तोडणीच्या हंगामात बायका टोळीने तेलंगणात जातात आणि घरी राहिलेला म्हातारा महिना-दोन महिने भात आणि लोणच्यावर काढतो. आहारवृत्त घेताना ‘सध्या घरी स्वयंपाक कोण करते?’ हा एक प्रश्न विचारला तरी कितीतरी उलगडा होतो.

व्यसनांतही असाच भेद आहे. पुरुषांत खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेले मिश्रण, सर्रास चालतो. वृद्ध स्त्रियांत तपकीर वा नस दातांना घासण्याची सवय आढळते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत, म्हणजे २०१६-१७ मध्ये, महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात असे आढळले. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा त्यामुळे थांबला नाही.

भेदाचे परिणाम : चार प्रकार

पहिला प्रकार स्थूल प्रमेही आणि कृश जोडीदाराचा. चिकित्सास्थानातील प्रमेहाच्या अध्यायात प्रमेही दोन प्रकारचे सांगितले आहेत : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्याला संशोधन, दुसऱ्याला संबृंहण. एकाच रोगाच्या दोन रुग्णांना शास्त्र जर विरुद्ध उपचार सांगते, तर एक रोगी व एक निरोगी अशा दोघांना एकच पथ्य कसे चालेल? व्यवहारात मात्र तेच घडते. पतीला साखर निघाली की घरातला भात निम्म्यावर येतो, तूप, गूळ, शेंगदाणे बंद होतात. पतीचे वजन थोडे उतरते, सर्वांना समाधान वाटते. त्याच घरातील वातप्रकृतीची, साठीची, आधीच शेवटी जेवणारी पत्नी वर्षभरात पाच-सहा किलोने खंगते. तिला चक्कर येते, पिंडऱ्या दुखतात, झोप उडते. ती दवाखान्यात येते तेव्हा ‘म्हातारपणाचा वात’ म्हणून तेल आणि गुग्गुळ घेऊन परत जाते. तिच्या रोगाचा हेतू पतीच्या पथ्यात आहे, हे दोघांची हकीकत एकत्र घेतल्याशिवाय कळत नाही. अशा एका गृहिणीने आम्हांस विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : “डॉक्टरसाहेब, एका घरात दोन गंज कसे मांडू?” या प्रश्नाचे उत्तर आपण पथ्यपत्रकात दिले पाहिजे.

दुसरा प्रकार लवणाचा. चरकाने पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतिवापर टाळावा असे स्पष्ट बजावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे असे सांगितले आहे. पत्नीचा रक्तदाब वाढलेला आणि पतीला सुकी मासळी, लोणचे व वरून मीठ यांची सवय, असे जोडपे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल. स्वयंपाक ती करते, पण चव त्याची असते. मिठावरून ताट बाजूला सरकले की दुसऱ्या दिवशी आमटी पुन्हा खारट होते. येथे रुग्ण पत्नी असली तरी समजावून सांगावयाचे ते पतीला.

तिसरा प्रकार मुखाचा. दीर्घकाळ खर्रा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. आतली त्वचा पांढुरकी व ताठ होते, तिखट लागले की जळजळ होते. मग तो भाकरी सोडतो, पालेभाजी सोडतो, कच्चे काही खात नाही. घरात मऊ भात आणि पातळ वरण एवढेच शिजू लागते. पत्नीचे दात व अग्नी दोन्ही शाबूत असूनही तिच्या ताटातून भाकरी आणि भाजी नाहीशी होते. तिचा मलावरोध वाढतो आणि त्यासाठी ती रोज रेचक चूर्ण घेऊ लागते. अशा पतीच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी जातात की नाही, हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते. जात नसतील, किंवा बरी न होणारी जखम वा पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर कोणतेही गंडूष सुरू करून वेळ न घालविता त्यास मुखरोग व कर्करोगाच्या तज्ज्ञाकडे पाठवावे.

चौथा प्रकार निद्रेचा व जेवणाच्या वेळेचा. प्रमेही व कफप्रधान मनुष्यास दिवास्वाप वर्ज्य आहे. वृद्ध आणि कृश व्यक्तीस शास्त्राने त्याची मुभा दिली आहे. दुपारी दोघे एकाच खाटेच्या आश्रयाने पडतात, तेव्हा एकाला औषध आणि दुसऱ्याला अपथ्य घडत असते. रात्रीही तसेच. पती नऊला चौकातून परततो म्हणून पत्नी नऊपर्यंत उपाशी राहते. तिच्या अम्लपित्ताचे कारण मिरचीत जेवढे असते, तेवढेच त्या वाट पाहण्यात असते.

बाहेरचे संशोधन काय सांगते

दांपत्याचा एकत्रित विचार आधुनिक वैद्यकातही अलीकडे गांभीर्याने होऊ लागला आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात जोडीदाराला मधुमेह असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचा धोका सुमारे शेकडा २६ ने वाढतो असे आढळले. पती-पत्नींत रक्ताचे नाते नसते. तेव्हा ही वाढ घरातल्या सामाईक आहार-विहाराकडे बोट दाखवते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिका, इंग्लंड, चीन आणि भारत या चार देशांतील दांपत्यांच्या रक्तदाबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील सुमारे शेकडा २० दांपत्यांत पती व पत्नी दोघांनाही उच्च रक्तदाब असल्याचे दिसले. पतीचा रक्तदाब वाढलेला असेल तर पत्नीचाही तो वाढलेला असण्याची शक्यता अमेरिका-इंग्लंडपेक्षा भारत व चीनमध्ये अधिक होती.

आपल्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त असा अभ्यास २०१५ साली लंडनमध्ये झाला. इंग्लंडमधील पन्नाशीपुढील ३,७२२ दांपत्यांची माहिती त्यात तपासली होती. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ज्यांच्या जोडीदाराने त्याच काळात धूम्रपान सोडले, त्यांतील जवळजवळ निम्म्यांनी आपलेही धूम्रपान सोडले. जोडीदार ओढत राहिला तेथे हे प्रमाण शेकडा ८ एवढेच होते. यातील आणखी एक गोष्ट विशेष मननीय आहे. जोडीदार मुळातच निर्व्यसनी असण्याचा जेवढा लाभ झाला, त्याहून अधिक लाभ जोडीदाराने बरोबरीने बदल केल्याचा झाला. सद्गुणी जोडीदाराचा उपदेश कमी पडतो आणि चुकणाऱ्या जोडीदाराची सोबत उपयोगी पडते, असा याचा अर्थ. आपण पत्नीला ‘यांना समजवा’ असे सांगून मोकळे होतो. त्यापेक्षा ‘तुम्ही नस सोडा, हे खर्रा सोडतील’ असे सांगणे अधिक फलदायी ठरेल.

वैनगंगेपलीकडचे उदाहरण

हृदयरोग आणि जीवनशैली यांविषयी मराठी वाचकाला सर्वांत परिचित असलेली हकीकत आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे कार्य उभारणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराने गाठले. पुढे त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिले. आहारातील बदल, चालणे, योगासने, ध्यान आणि एकूण जीवनाकडे पाहण्याची दृष्टी यांचा त्यात मोकळेपणाने विचार आहे. ते पुस्तक अनेक घरांत रुग्णाने वाचले आणि मग घरच्यांनीही वाचले, हे आम्ही पाहिले आहे. ज्या घरांत दोघांनी वाचले तेथे बदल टिकला आणि ज्या घरांत एकट्यानेच वाचले तेथे महिन्याभरात जुनी फोडणी परत आली, असा आमचा अनुभव आहे.

सवयींतील भेद घराच्या भिंतीबाहेर कसा येतो, हेही या दोन जिल्ह्यांनी पाहिले आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील बायकांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये शासनाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. बंदी योग्य की अयोग्य या वादात आम्ही येथे शिरत नाही. वैद्य म्हणून एवढेच नोंदवतो की नवऱ्याच्या सवयीचा भार आपल्या शरीरावर पडतो, हे या भागातील स्त्रियांनी डॉक्टरांच्या आधी ओळखले होते.

औषधालयाच्या चालकांसाठी

पती-पत्नी औषधेही वाटून घेतात. एकाच्या नावाने नेलेली बाटली दोघे वापरतात आणि उतारवयात येथेच धोका असतो. दुकानात नित्य खपणाऱ्या काही योगांची घटना या दृष्टीने आठवून पाहावी.

लवणभास्कर चूर्ण गॅस व अपचनासाठी घरोघर जाते. त्यात नावाप्रमाणे अनेक लवणे आहेत. पतीसाठी नेलेले हे चूर्ण रक्तदाब असलेली पत्नी रोज चमचाभर घेऊ लागली, तर भाजीतले मीठ कमी करून काय उपयोग? हिंग्वाष्टकातही सैंधव असते. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते, म्हणजे निम्म्याहून अधिक. अविपत्तिकर चूर्णात साखरेचा भाग निम्मा असतो आणि त्यातील त्रिवृत रेचक आहे. पित्तासाठी पत्नीला दिलेले अविपत्तिकर प्रमेही पतीने रोज घेणे दोन्ही कारणांनी अनुचित. च्यवनप्राश व इतर अवलेहांची गोष्ट वेगळी सांगावयास नको. यष्टीमधू घशासाठी सौम्य म्हणून दिले जाते, पण मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास ते रक्तदाब वाढवते आणि शरीरातील पोटॅशियम घटवते. मूत्रल गोळ्या चालू असलेल्या वृद्धास ते देताना फार जपावे.

यावरून तीन साधे नियम सुचवावेसे वाटतात. पन्नाशीपुढील ग्राहकाला औषध देताना ‘हे कोणासाठी?’ आणि ‘घरात साखर वा रक्तदाब कोणाला आहे?’ असे दोन प्रश्न विचारावेत. बाटलीवर रुग्णाचे नाव ठळक लिहून द्यावे. आणि आधुनिक औषधे किंवा इन्सुलिन चालू असलेल्या ग्राहकाने ती परस्पर बंद करू नयेत, हे प्रत्येक वेळी सांगावे. एवढ्याने खप घटणार नाही, उलट विश्वास वाढेल.

चिकित्सासूत्रे

दांपत्याच्या चिकित्सेसाठी जी काही सूत्रे व्यवहारात उपयोगी पडली, ती क्रमाने देत आहोत.

१. दोघांची एकत्र परीक्षा. पन्नाशीपुढील कोणत्याही जीर्ण रोगात दुसऱ्या भेटीस जोडीदारास बोलवावे. दोघांची वजने, रक्तदाब व आवश्यक तेथे रक्तशर्करा एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहावी. एकाचे वजन हेतुपुरस्सर उतरत असताना दुसऱ्याचे नकळत उतरत नाही ना, हे त्यावरून लगेच कळते.

२. गंज एक, शेवटची पायरी दोन. वरण, भाजी दोघांची एकत्रच शिजवावी, मात्र कमी मिठाची व कमी तिखटाची. ज्याला मुभा आहे त्याने ताटात वरून घ्यावे. स्थूल प्रमेहीने भात एक वाटी मोजून घ्यावा व वरण-भाजी दुप्पट घ्यावी. कृश जोडीदाराने तोच भात पोटभर, वर तूप व जवसाची चटणी घेऊन खावा. नव्या तांदळाऐवजी वर्षभर जुना तांदूळ दोघांनाही हितकर, कारण नवान्न गुरू व अभिष्यंदी असते. ज्या गृहिणीने दोन गंजांचा प्रश्न विचारला होता, तिला हेच सांगितले आणि ते तिला जमले.

३. एकत्र पंगत. पत्नीने शेवटी जेवण्याची चाल उतारवयात तरी मोडावी. हे वैद्याने पतीच्या समक्ष, औषध म्हणून सांगावे. दोघे एकाच वेळी बसले की भाजीचा वाटा आपोआप सारखा होतो आणि कोणी काय खाल्ले ते दुसऱ्याला दिसते.

४. पादांशिक क्रम. जडलेले अहितकर सात्म्य एकदम न सोडता चतुर्थांशाने, अधूनमधून दिवसांचे अंतर ठेवून सोडावे, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. मीठ, चहातील साखर आणि भाताची राशी यांना हा क्रम उत्तम लागू पडतो. तंबाखूच्या बाबतीत पुड्यांची संख्या ठरवून उतरवावी आणि शेवटचा दिवस आधीच नक्की करावा, नाहीतर तीन पाद सुटतात आणि चौथा जन्मभर राहतो. दोघांनी आपापली एकेक सवय एकाच दिवशी कमी करण्यास आरंभ करावा.

५. चालणे सोबतीने, पण जपून. प्रमेही पतीची चाल वेगळी, गुडघे दुखणाऱ्या पत्नीची वेगळी. निघावे दोघांनी बरोबर. पत्नीने एक फेरी मारून पारावर बसावे, पतीने आणखी दोन माराव्यात. जंगलालगतच्या गावांत पहाटे अंधारात रस्त्याने चालण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. वाघ, अस्वलांचा वावर लक्षात घेऊन सूर्योदयानंतर व गावातच फिरावे.

६. अभ्यंग परस्परांचा. वाताच्या वयात अभ्यंगाचे महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. वृद्धाचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोहोचत नाही. आठवड्यातून दोनदा एकमेकांच्या पाठीला व पायांना कोमट तीळतेल लावण्यास सांगावे. पायाच्या बोटांमधली जखम, जी प्रमेहीला स्वतःला जाणवत नाही, ती अशा वेळी जोडीदाराला दिसते.

७. मागे राहणाऱ्याची तयारी. हा विषय बोलण्यास अवघड आहे, तरी टाळू नये. दोघांपैकी एक आधी जातो. ज्याने जन्मात भात शिजवला नाही असा पुरुष विधुर झाला की त्याचे पोषण झपाट्याने ढासळते. जिने स्वतःसाठी म्हणून कधी शिजवले नाही अशी विधवा ‘एकटीसाठी काय करायचे’ म्हणून चहा आणि टोस्टवर दिवस काढते. पतीने वरण-भात व एक भाजी करण्यास साठीच्या आत शिकावे आणि पत्नीने स्वतःच्या भुकेला मान देण्यास शिकावे. ही आम्ही जीर्ण वयातील स्वस्थवृत्ताची आवश्यक अंगे मानतो.

समारोप

आपल्याकडे येणाऱ्या वृद्धांची संख्या वाढते आहे. मुले चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर, हैदराबादकडे नोकरीला गेली आहेत आणि घरात दोघेच उरले आहेत. या दोघांना एकमेकांखेरीज परिचारक नाही. चरकाने चिकित्सेच्या चार पादांत परिचारकास स्थान दिले आहे. या घरांत तो परिचारक स्वतःही रुग्ण असतो, ही आजची नवी अवस्था आहे. एकाचे पथ्य सांभाळताना दुसरा आजारी पडला, तर आपली चिकित्सा निम्मी यशस्वी झाली असे म्हणता येणार नाही, ती फसलीच असे म्हणावे लागेल.

म्हणून आमची अशी सूचना आहे की पन्नाशीपुढील विवाहित रुग्णांसाठी पती व पत्नी अशा दोन रकान्यांचे रुग्णपत्रक संघटनेने तयार करावे आणि सभासदांनी ते किमान एक वर्ष आपल्या दवाखान्यात वापरून पाहावे. वजन, रक्तदाब, अग्नी, मल, निद्रा, मिठाचे व तंबाखूचे प्रमाण, जेवणाची वेळ आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती, एवढ्या नोंदी पुरेत. वर्षाअखेर या नोंदी एकत्र केल्यास आपल्या भागातील दांपत्यांविषयी आपल्याच हातची माहिती जमा होईल. विषय येथे संपत नाही. वाचक वैद्यबंधू व भगिनींनी आपापले अनुभव, विशेषतः आमच्याहून भिन्न असतील ते, संपादकांकडे अवश्य कळवावेत.